सहा दिवसांत पाच सामने: सवानीच्या फुटबॉल संघाचा १८९९चा हंगाम

१८९९च्या शरद ऋतूत सवानीच्या फुटबॉल संघाला पैशाची चणचण होती. सवानी हे अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, कंबरलँड पठारावर वसलेलं छोटं गाव. तिथल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’ला सगळे गावाच्याच नावाने ओळखतात. साधारण दीडशे किलोमीटरवर नॅशव्हिल, आणि तिथलं व्हँडरबिल्ट विद्यापीठ हा सवानीचा जुना प्रतिस्पर्धी. या दोघांच्या वार्षिक सामन्याला गर्दी लोटायची आणि सवानीच्या गल्ल्यात मोठी रक्कम यायची. त्या वर्षी तिकिटांच्या पैशाच्या वाटणीवरून दोघांचं बिनसलं आणि सामनाच रद्द झाला.

संघाचा जमाखर्च बघणारा मॅनेजर ल्यूक ली तेव्हा २० वर्षांचा होता, स्वतः विद्यार्थीच. तूट भरून काढायला त्याने एक दौरा आखला. रेल्वेने थेट टेक्ससपर्यंत जायचं आणि ९ ते १४ नोव्हेंबर या सहा दिवसांत पाच शहरांत पाच विद्यापीठांशी खेळायचं. सगळा प्रवास सुमारे २,५०० मैलांचा, म्हणजे ४,००० किलोमीटर. मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाऊन परत यायला जवळपास तेवढंच अंतर पडतं. सवानीने पाचही सामने जिंकले, आणि पाचांपैकी एकाही संघाला एकही गुण मिळवता आला नाही. सगळ्या हंगामाचा हिशेब असा: १२ सामने, १२ विजय, केलेले गुण ३२२, दिलेले १०.

अमेरिकेत हे आकडे आजही कौतुकाने सांगितले जातात. सांगण्याचा सूर असतो तो पोलादी पोरांच्या पराक्रमाचा. पराक्रम होताच, त्याबद्दल वाद नाही. पण मी या हंगामाकडे प्रकरण म्हणून बघतो ते लीच्या निर्णयासाठी. एवढं अवघड वेळापत्रक कागदावर आलं कसं, ते निभावण्यासारखं सवानीकडे काय होतं, आणि त्याचा भार नेमका कुणाच्या अंगावर पडला, हे एकत्र मांडलेलं फारसं दिसत नाही.

तेव्हाचा खेळ

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा खेळ. पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. एका बाजूला २५ खेळाडू होते, चेंडू उचलून पळायला परवानगी नव्हती आणि रटगर्सने ६-४ असा विजय मिळवला. पुढच्या १५-२० वर्षांत खेळ ओळखू येणार नाही इतका बदलला. १८८०मध्ये खेळाडू ११ झाले आणि चेंडूचा ताबा एका वेळी एकाच संघाकडे राहील अशी व्यवस्था आली. १८८२पासून ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर कापण्याची सक्ती झाली.

१८९९चे नियम नीट समजून घेतल्याशिवाय सवानीचा हंगाम कळत नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. मैदान ११० यार्डांचं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जाणार. चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला की टचडाउन, त्याचे ५ गुण, त्यानंतरची किक साधली तर आणखी १, आणि थेट मैदानातून मारलेल्या गोलचेही ५. चेंडू हाताने पुढे फेकायला १९०६पर्यंत बंदी होती. ३५ मिनिटांचे दोन भाग. आक्रमणाला जे ११ जण, बचावालाही तेच. एकदा मैदानाबाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकत नसे, त्यामुळे किरकोळ दुखापतीसाठी कुणी बाहेर पडतच नसे. हेल्मेट सक्तीचं नव्हतं. डोक्याला तेवढाच आधार म्हणून पोरं केस वाढवायची.

पुढे पास देता येत नसल्याने डाव बहुतेक वेळा मधल्या घोळक्यातून रेटत न्यायचा. तीन प्रयत्नांत पाच यार्ड हे ऐकायला सोपं वाटतं, पण समोर ११ जण एकाच जागी दाटीवाटीने उभे असताना दीड-दोन यार्डसुद्धा जिवावर यायचे. म्हणून त्या काळात किकला फार महत्त्व होतं. स्वतःच्या हद्दीत अडकलेला संघ तिसऱ्या प्रयत्नाची वाट न बघता सरळ चेंडू लांब मारून द्यायचा आणि समोरच्याला तिथून पुढे रेटायला लावायचा. ज्याच्याकडे लांब आणि अचूक लाथ मारणारा माणूस, त्याला अंगमेहनत वाचवता यायची. थकलेल्या संघासाठी तर हा मोठाच आधार. सवानीकडे ऑर्मंड सिम्किन्स हा फुलबॅक होता. किक त्याची, आणि बचावात मागच्या फळीतून येऊन पाडापाडी करण्याचं कामही त्याचंच. सहा दिवसांत पाच सामने एकही गुण न देता कसे निघाले, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला या एका माणसाच्या पायात दिसतं.

खेळ जीवघेणा होता, हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. ३० ऑक्टोबर १८९७ला अटलांटात व्हर्जिनियाविरुद्ध खेळताना जॉर्जिया विद्यापीठाचा व्हॉन गॅमन डोक्याला मार लागून गेला. जॉर्जियाच्या विधिमंडळाने फुटबॉलवर बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं. खुद्द गॅमनच्या आईने, मुलाचा आवडता खेळ बंद करू नका, असं कळवलं आणि गव्हर्नरने विधेयकावर सही केली नाही. सवानीचा १८९९चा पहिला सामना याच जॉर्जिया संघाशी, याच अटलांटा शहरात, या घटनेनंतर दोन वर्षांच्या आत झाला.

सवानीकडे काय होतं

विद्यापीठ लहान, पण त्याच्या काही खास गोष्टी संघाच्या पथ्यावर पडल्या. एपिस्कोपल चर्चच्या दक्षिणेतल्या धर्मप्रांतांनी १८५७मध्ये त्याची स्थापना केली. यादवी युद्धात कोनशिलासुद्धा उद्ध्वस्त झाली आणि १८६८मध्ये ९ विद्यार्थ्यांवर वर्ग सुरू झाले. गाव डोंगरावर, हवा थंड. त्यामुळे त्या काळी तिथे मोठी सुट्टी हिवाळ्यात असायची आणि उन्हाळ्यात वर्ग भरायचे. इतर कॉलेजांची पोरं सुट्टीवरून सप्टेंबर-ऑक्टोबरात गोळा व्हायची, तोपर्यंत सवानीची पोरं एकत्र राहून, एकत्र पळून तयार असायची. माझ्या मते हंगाम घडवणाऱ्या कारणांत हे फार वरचं कारण आहे, आणि पराक्रमाच्या गोष्टीत ते नेमकं गळतं.

दुसरं म्हणजे तिथे कायदा, वैद्यक, धर्मशास्त्र असे विभागही होते. संघात नुसती सोळा-सतरा वर्षांची पोरं नव्हती, वयाने आणि अंगाने भरलेले विद्यार्थीही होते. गार्डच्या जागी खेळणारा विल्यम क्लेबोर्न पुढे धर्मोपदेशक झाला. कर्णधार हेन्री साइबल्स, ज्याला सगळे ‘डिडी’ म्हणत, हा हाफबॅक अलाबामातल्या माँटगोमेरीचा. प्रशिक्षक बिली सूटर प्रिन्स्टनमध्ये शिकलेला, म्हणजे हा खेळ जिथे वाढला तिथला. त्याने उत्तरेकडची शिस्त आणि डावपेच दक्षिणेत आणले. खेळाडू मिळून जेमतेम विसेक.

आणखी एक माणूस होता, कॅल बरोज. संघाची मालिश, पट्ट्या, मुका मार शेकणं हे सगळं तो बघायचा. कृष्णवर्णीय होता. विद्यापीठात फक्त गोरे विद्यार्थी घेतले जात, आणि ज्या राज्यांतून ही गाडी गेली तिथे वर्णानुसार वेगळे डबे ठेवण्याचे कायदे होते. लुइझियानाचा तसा कायदा तीनच वर्षांपूर्वी, १८९६मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला होता. रोज रात्री ठेचाळलेल्या अंगांना दुसऱ्या दिवशी उभं करण्याचं काम ज्याच्या हातात होतं, त्याचं नाव या हंगामाच्या कौतुकात क्वचितच येतं. पाच सामन्यांच्या दौऱ्यात एवढ्या कमी खेळाडूंवर निभावलं, त्यात बरोजचा वाटा मोठा मानायला हवा.

लीचा हिशेब

पाहुण्या संघाला गेटच्या, म्हणजे तिकीटविक्रीच्या, पैशातला वाटा मिळायचा आणि मोठा खर्च असायचा तो रेल्वेचा. टेक्सससारख्या लांबच्या ठिकाणी एकाच सामन्यासाठी जाणं आतबट्ट्याचं. पण त्याच वाटेवर चार सामने आणखी लावले तर तोच प्रवास पाच गेटांवर विभागला जातो. शिवाय मुक्कामाचा खर्चही वाचतो, कारण रात्री गाडीत झोपायचं, दिवसा उतरून खेळायचं.

ही कल्पना लीने एकदम टेक्सससाठी वापरली नाही. हंगामाची तारीखवार यादी बघितली की तीच पद्धत आधी छोट्या प्रमाणात दिसते. २१ ऑक्टोबरला अटलांटात जॉर्जियाला १२-० हरवलं आणि घरी न परतता २३ ऑक्टोबरला त्याच शहरात जॉर्जिया टेकला ३२-०. एक प्रवास, दोन सामने, मध्ये एक दिवस. त्यानंतर घरच्या मैदानावर टेनेसी विद्यापीठावर ४६-०, मग साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनवर ५४-०. म्हणजे टेक्ससची गाडी पकडली तेव्हा चार सामने होऊन गेले होते, १४४ गुण झाले होते आणि समोरच्यांचा आकडा शून्यावरच होता. जोखीम घेण्याआधी तिची चाचणी झाली होती. वीस वर्षांच्या मुलाने हे इतक्या थंड डोक्याने केलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

तयारीतली एक गोष्ट फार बोलकी आहे. लीने सवानीच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून गाडीत चढवलं. वाचताना गंमत वाटते, पण आदल्याच वर्षी काय झालं होतं ते आठवावं. १८९८च्या स्पेनविरुद्धच्या युद्धासाठी सवानीपासून शंभरेक किलोमीटरच्या आत, चिकामॉगा इथे सैन्याची मोठी छावणी पडली होती. तिथे विषमज्वराने थैमान घातलं. त्या युद्धात लढाईपेक्षा आजारानेच अमेरिकन सैनिक कितीतरी जास्त मेले. शिवाय न्यू ऑर्लीन्सच्या बाजूला पीतज्वराची भीती कायमची. तिथली शेवटची साथ १९०५ची. बदली खेळाडू मोजके असताना दोघांचं पोट बिघडलं तरी दौरा कोसळला असता. पाणी सोबत नेणं हा या वेळापत्रकातला सर्वात शहाणपणाचा निर्णय होता.

आणि इतकं करून बूट राहिले. गाडी सुटल्यावर लक्षात आलं की खेळण्याच्या बुटांची गाठोडी मागेच, सवानीला राहिली आहेत. लीने तार ठोकली आणि बूट मागच्या गाडीने पाठवून वाटेत गाठले. तेव्हा तार आणि आगगाडी यांचं जाळं किती घट्ट विणलेलं होतं ते यावरून कळतं. वीस वर्षं आधी असा दौरा आखताच आला नसता.

९ ते १४ नोव्हेंबर

गुरुवारी, ९ नोव्हेंबरला ऑस्टिनमध्ये टेक्सस विद्यापीठाशी पहिला सामना झाला. साइबल्सचं कपाळ फुटलं. रक्त वाहत होतं, पण बाहेर गेलं तर परत येता येणार नाही, त्यामुळे डोक्याला पट्टी बांधून तो खेळत राहिला. १२-०. त्याच रात्री गाडी, सुमारे अडीचशे किलोमीटर. शुक्रवारी ह्यूस्टनमध्ये टेक्सस ए अँड एम, १०-०. पुन्हा रात्रीची गाडी, या वेळी साडेपाचशे किलोमीटरच्या वर. शनिवारी न्यू ऑर्लीन्समध्ये टुलेन, २३-०. सलग तीन दिवस, तीन सामने, दोन राज्यं.

रविवारी सुट्टी. चर्चचं विद्यापीठ, रविवारी खेळणं शक्यच नव्हतं. पोरं उसाचा मळा बघायला गेली. नोव्हेंबर म्हणजे लुइझियानातही गाळपाचा हंगाम, त्यामुळे मळ्यात ऐन धावपळ सुरू असणार.

सहा दिवस जिंकले आणि सातव्या दिवशी विश्रांती घेतली, असं बायबलच्या थाटात या दौऱ्याचं वर्णन केलं जातं. तारखा मात्र वेगळं सांगतात. विश्रांती चौथ्या दिवशी झाली, आणि ती चौथ्या दिवशी होती म्हणूनच पाच सामने पेलले गेले. सोमवारी, १३ नोव्हेंबरला बॅटन रूजमध्ये लुइझियाना स्टेटविरुद्ध ३४-०, म्हणजे दौऱ्यातला सर्वात मोठा विजय, नेमका सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी. त्या रात्री पुन्हा सहाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास आणि मंगळवारी मेम्फिसमध्ये मिसिसिपी विद्यापीठावर १२-०. १२, १०, २३, ३४, १२ असा हा क्रम आहे. या आकड्यांवरून सरळ थकवा मोजता येत नाही, कारण पाचही संघ सारख्या ताकदीचे नव्हते. टेक्ससचे दोन्ही संघ टणक होते, लुइझियानाचे दोन्ही त्या मानाने कच्चे. पण लीला वेळापत्रकातून एक फायदा मिळाला: अवघड सामने अंग ताजं असताना आले, आणि प्रवासाने पोरं आंबली तेव्हा समोर तुलनेने सोपे प्रतिस्पर्धी होते. मेम्फिसचा शेवटचा सामना मात्र खरी परीक्षा. गाडीतून उतरलेला, सहा दिवसांत पाचव्यांदा मैदानावर आलेला संघ एका बाजूला, आणि ताजा संघ दुसऱ्या बाजूला. तिथेही शून्यच.

एक आक्षेप रास्त आहे आणि तो मांडायला हवा. त्या काळात फुटबॉलची खरी सत्ता ईशान्येकडे होती: येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन, पेनसिल्व्हेनिया. सवानी त्यांच्यापैकी कुणाशीही खेळली नाही. तेव्हा १८९९मध्ये सवानी हा देशातला सर्वोत्तम संघ होता, असा दावा करणं धाडसाचं आहे. दक्षिणेतला सर्वोत्तम, एवढं निर्विवाद.

एका गुणाचा सामना

दौऱ्याहून परतल्यावर २० नोव्हेंबरला कंबरलँडवर ७१-० असा विजय. मग ३० नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा दिवस, माँटगोमेरी. समोर ऑबर्न, प्रशिक्षक जॉन हाइझमन. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधला सर्वात मानाचा पुरस्कार आज याच माणसाच्या नावाने दिला जातो.

माझ्या दृष्टीने हंगामातला सर्वात महत्त्वाचा सामना हा आहे, टेक्ससचा दौरा नाही. आधीच्या दहा सामन्यांत ज्यांच्या हद्दीत कुणालाही गुण मिळवता आला नव्हता, त्या सवानीविरुद्ध ऑबर्नने १० गुण केले. हाइझमनचा संघ एक डाव संपला की दुसरा लगेच सुरू करायचा, समोरच्याला सावरायला वेळच द्यायचा नाही. दाटीवाटीच्या रेटारेटीला सरावलेल्या बचावाला हा वेग नवा होता. शेवटी सवानी जिंकली ती ११-१० अशी. म्हणजे दोन्ही बाजूंनी दोनदा ५-५ गुण आणि फरक टचडाउननंतरच्या एका किकचा, एका गुणाचा. हाइझमन पंचांवर भडकला. निर्णय आपल्याविरुद्ध गेले असं त्याने वर्तमानपत्रात लिहिलं आणि काही दिवस तो वाद गाजला. अर्ध्या शतकाहून जास्त काळ ऑबर्नच्या चाहत्यांनी तो सामना आपणच जिंकला होता असं मानलं असेल तर नवल नाही. सवानीला ‘अजिंक्य’ म्हणताना त्या एका किकची आठवण ठेवणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

तरी एक गोष्ट सुटता कामा नये. या इतक्या चुरशीच्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी, २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाशी खेळायचं होतं. पुन्हा तीच लीची पद्धत: एक फेरी, दोन गेट. ५-०. दोन्ही संघांत मिळून गुण देणारी एकच संधी साधली गेली, ती सवानीने. दक्षिणेतल्या कॉलेजांच्या संघटनेचं विजेतेपद सवानीकडे आलं.

भार कुणाच्या अंगावर

वेळापत्रक आखणारा ली स्वतः खेळत नव्हता. हे मी दोष म्हणून सांगत नाही, मॅनेजरचं काम तेच. पण कोणत्याही प्रकरणात निर्णय घेणारा आणि त्याचा भार उचलणारा वेगळे असतील तर दोघांकडेही बघावं लागतं. सिम्किन्सकडे चेंडू नेणं, किक मारणं आणि अडवणं असं तिन्ही काम होतं. नंतरच्या आयुष्यात त्याचे दोन्ही पाय कापावे लागले, आणि मैदानावरच्या दुखापतींमुळे ते झालं असं सांगितलं जातं. सहा दिवसांच्या दौऱ्याने त्यात किती भर घातली ते वेगळं काढता येणार नाही. मात्र बदली खेळाडू परत न घेण्याचा नियम, मोजकीच माणसं आणि रोजचा सामना या तिन्हींचा ताण सर्वात जास्त कुणावर येतो, हे उघड आहे.

नियम करणाऱ्यांना हे कळायला आणखी सहा वर्षं लागली. १९०५च्या हंगामात देशभरात किमान १८ जण फुटबॉल खेळताना मेल्याची मोजणी वर्तमानपत्रांनी छापली. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. १९०६मध्ये पुढे पास देण्याची मुभा आली, दोन रांगांमध्ये मोकळी जागा सोडणं बंधनकारक झालं, तीन प्रयत्नांत कापायचं अंतर पाचाचं दहा यार्ड झालं. याच खटपटीतून जी संघटना उभी राहिली तिचं नाव १९१०मध्ये एनसीएए झालं, आणि आजही अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचा कारभार तीच चालवते. या नियमांखाली सवानीचा दौरा झाला असता तर सिम्किन्सच्या किकवर इतकं अवलंबून राहावं लागलं नसतं, आणि कदाचित शून्यांची ती रांगही लागली नसती.

त्यानंतर

ल्यूक लीने पुढे नॅशव्हिलमध्ये ‘टेनेसियन’ हे वर्तमानपत्र काढलं आणि १९११ ते १९१७ अमेरिकेच्या सिनेटमध्ये तो टेनेसीचा सदस्य होता. पहिल्या महायुद्धानंतर, जानेवारी १९१९मध्ये, तो काही सहकाऱ्यांसह नेदरलँड्समध्ये जाऊन आश्रयाला असलेल्या जर्मन कैसरला पकडून आणायला निघाला. बेत फसला. १९३०च्या दशकात बँकेच्या गैरव्यवहारात त्याला शिक्षा झाली, तुरुंगात जावं लागलं, पुढे माफी मिळाली. मोठा डाव मांडण्याची हीच वृत्ती १८९९च्या वेळापत्रकातही होती. त्या वेळी पाण्याची पिंपं भरून घेण्याइतका सावधपणाही तिच्या जोडीला होता.

विद्यापीठाची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. १९३२मध्ये दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांनी साउथईस्टर्न कॉन्फरन्स ही आपसांत सामने खेळण्याची संघटना स्थापन केली, तेव्हा जुन्या नावलौकिकावर सवानीलाही त्यात जागा मिळाली. पण तोवर खेळात पैसा आला होता. अलाबामा, टेनेसी, लुइझियाना स्टेट यांच्याकडे मोठी स्टेडियमं होती, खेळाडूंची भरती होती, पगारी प्रशिक्षक होते. उन्हाळ्यातल्या वर्गांचा जुना फायदाही कधीच संपला होता. सवानी कॉन्फरन्समध्ये ३७ सामने खेळली आणि ३७ हरली. ज्या लुइझियाना स्टेटला ३४-० आणि टेनेसीला ४६-० असं झोपवलं होतं, त्यांच्याच पंगतीत ही हार.

कुलगुरू अलेक्झांडर गेरी यांनी निर्णय घेतला की खेळाडू विकत घ्यायचे नाहीत, आणि १९४०मध्ये सवानीने कॉन्फरन्स सोडली. मला हा निर्णय १८९९च्या निर्णयाइतकाच धीराचा वाटतो. तेव्हा पैशाअभावी संघ घराबाहेर पडला होता, आणि या वेळी पैशाच्या खेळातून तो घरी परतला. आज सवानी एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत, आपल्यासारख्याच छोट्या कॉलेजांशी खेळते. या श्रेणीत खेळाच्या जोरावर कुणालाही शिष्यवृत्ती मिळत नाही.